अभ्याससहल : वज्रेश्वरी की राजवाडी-तुरळ?

आपल्या संघटनेची यंदाची अभ्याससहल उष्णोदकाच्या कुंडांकडे न्यावी, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले. कोठे न्यावी, याविषयी मात्र दोन तट पडले. एका गटाचा आग्रह ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी-गणेशपुरी-अकलोली या परिसरासाठी आहे. दुसऱ्याचा रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या राजवाडी-तुरळ-आरवलीसाठी. तरुण वैद्यांना कुंडाबरोबर गडही चढावयाचा आहे. ज्येष्ठांना प्रवास सुखाचा हवा आहे. आणि औषधालयांचे मालक असलेल्या आपल्या सभासदांपैकी काहींना तेथील पाणी व माती येथे आणून विकता येईल काय, हे पाहावयाचे आहे. निर्णय सर्वसाधारण सभेत व्हावयाचा असल्याने तत्पूर्वी आमचे मत सभासदांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

प्रश्न वरवर पाहता सहलीचा आहे. पण ज्या ठिकाणी वैद्य मंडळी आवर्जून जातात, त्या ठिकाणी पुढे त्यांचे रुग्ण जातात. 'आमचे वैद्यही तेथे स्नान करून आले' एवढे वाक्य सोलापुरात पुरते. म्हणून सहलीचे ठिकाण निवडताना आपण कळत-नकळत एक चिकित्सा-सल्लाही देत असतो. त्या सल्ल्याची जबाबदारी कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम एका समजुतीचा विचार करू. दोन्ही गट आपापल्या स्थळाचे वर्णन 'ज्वालामुखीच्या पायथ्याचे गरम झरे' असे करतात. वज्रेश्वरीच्या परिसरातील डोंगर ज्वालामुखीतून निर्माण झाला, असे तेथेही सांगितले जाते. त्यात असत्य काही नाही, परंतु ते अर्धेच सत्य आहे. ज्वालामुखीतून केवळ तोच डोंगर नव्हे, तर अवघा सह्याद्री निर्माण झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावरील भेगांतून लाव्ह्याचे थरावर थर पसरले व त्यांतून दख्खनचे पठार बनले. आज त्याचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या सोलापूरच्या पायाखालचा काळा पाषाण आणि त्यावरची काळी माती ही त्याच घटनेची देणगी होय. त्या अर्थाने आपणही ज्वालामुखीच्या अंगणातच राहतो.

मग आपल्या विहिरींचे पाणी गरम का नाही? कारण त्या लाव्ह्याची उष्णता केव्हाच निवून गेली. महाराष्ट्रात आज कोठेही जागृत ज्वालामुखी नाही. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे. कोकणातील कुंडांचे पाणी तापते ते निराळ्या कारणाने. पावसाचे पाणी खडकांतील खोल भेगांतून खाली झिरपते. पृथ्वीच्या पोटात सामान्यतः दर किलोमीटरला तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढत जाते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून लवकर वर आले, की वाटेत निवण्यापूर्वीच झऱ्याच्या रूपाने प्रकट होते. कोकणपट्टीत अशा खोल भेगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत. म्हणूनच पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत गरम झऱ्यांची जणू ओळच लागली आहे. आपल्याकडे पाषाण तोच, पण तशा भेगा नाहीत.

ही चर्चा वैद्यांच्या त्रैमासिकात कशासाठी, असे कोणी म्हणेल. कारण 'ज्वालामुखीचे पाणी' या शब्दांनी त्या पाण्याला एक गूढ सामर्थ्य चिकटते आणि गूढ सामर्थ्याच्या वस्तूची मात्रा कोणी मोजत नाही. वस्तुतः ते भूमीतून उष्ण होऊन आलेले, क्षारयुक्त पाणी आहे. आपल्या ग्रंथकारांनी जलाचे उगमानुसार वर्ग पाडले, त्यांत भूमी भेदून वर येणाऱ्या औद्भिद जलाचा स्वतंत्र विचार केला. उगम बदलला की गुण बदलतात, ही त्यांची दृष्टी होती. आपणही तीच ठेवावी. विशेष म्हणजे सामान्य जनांनी या झऱ्यांना नावे देताना गूढाचा आश्रय घेतलेला नाही. पालीजवळचे उन्हेरे, दापोली-खेडकडील उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, चोपड्याकडचे उनपदेव, किनवटचे उनकेश्वर या साऱ्या नावांत एकच 'ऊन' शब्द आहे. लोकांनी जे अनुभवले तेवढेच सांगितले : येथे पाणी ऊन आहे.

किती ऊन आहे, हा वैद्याचा प्रश्न. कोकणातील झऱ्यांचे तापमान एकसारखे नाही. काही ठिकाणी ते जेमतेम कोमट, तर उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी सत्तर अंशांच्या घरात असते. तुरळ येथे उगमापाशी ते साठ अंशांच्या आसपास भरते. साठ अंशांच्या पाण्यात त्वचा भाजण्यास काही सेकंद पुरतात. अवगाहासाठी सुखकर पाणी अडतीस ते चाळीस अंशांचे. या दोन आकड्यांमधील अंतर हेच आमच्या लेखाचे सार आहे, आणि ते आम्ही पुस्तकातून शिकलो नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक यंत्रमाग कामगार येत असत. वय पंचावन्नच्या पुढे, आयुष्य मागापाशी उभे राहण्यात गेलेले. कटिशूल व जानुशूल या तक्रारी जुन्या. दहा-बारा वर्षांचा मधुमेह. तेल, स्वेद, गुग्गुळ यांनी थोडा उतार पडे व पुन्हा पूर्वपद येई. एके दिवशी ते म्हणाले, "डॉक्टर, घरची मंडळी कोकणात देवाला चालली आहेत. तिथं गरम पाण्याचं कुंड आहे म्हणतात. जाऊ का?" आम्ही मान वर न करता उत्तर दिले, "जा, चार दिवस बसून या. बरे वाटेल." दवाखान्यात गर्दी होती. तेवढ्यावर विषय संपला.

ते परतले तेव्हा दोन्ही तळपायांना फोड होते. सर्वांत ऊन पाण्यात पाय सोडून ते बराच वेळ बसले होते. शेजारच्या लोकांनी पाय लावताच मागे घेतले. यांना काही जाणवलेच नाही. दीर्घ मधुमेहाने पायांची संवेदना गेलेली होती आणि ती आम्ही कधी तपासली नव्हती. जखम भरण्यास तीन महिने लागले, पायाचे एक बोट काढावे लागले आणि मागावर उभे राहणे कायमचे सुटले. त्यांनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. पण स्वेदास अयोग्य असणाऱ्यांत चरकाने मधुमेही गणला आहे. ते आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते आणि गुणही मिळविले होते. चूक कुंडाची नव्हती, चूक आमची होती.

म्हणून आमचे म्हणणे असे, की उष्ण कुंडातील स्नान हा स्वेदाचाच प्रकार आहे, असे आपण एकदा स्पष्ट मान्य करावे. चरकाने सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्निस्वेदाचे तेरा प्रकार सांगितले, त्यांत अवगाह आहे. सुश्रुताच्या चार प्रकारांत द्रवस्वेद आहे. एकदा स्वेद म्हटला, की त्याचे सारे नियम लागू होतात. पूर्वी स्नेहन हवे. रोग, ऋतू, देश, बल पाहून मृदू-मध्य-तीव्र असा विचार हवा. नेत्र, हृदय व वृषण यांचे रक्षण हवे. शीत व शूल शमले, स्तंभ व गौरव गेले, की थांबावयास हवे. नंतर निवाऱ्यात विश्रांती हवी. कुंडावर यांपैकी काय पाळले जाते? रुग्ण बारा तासांचा प्रवास करून येतो, रिकाम्या किंवा भरल्या पोटी पाण्यात उतरतो, गप्पा संपेपर्यंत बसतो आणि ओल्या अंगाने गाडीच्या खिडकीशी बसून परततो. अशा रीतीने आपल्या पंचकर्म-कक्षात कोणी स्वेद दिला, तर आपण त्याला वैद्य म्हणणार नाही.

यावर काही मित्र म्हणतात, "पण लोकांना गुण येतो, त्याचे काय?" येतो, हे आम्हीही पाहिले आहे. उष्णतेने स्नायूंचा ताठरपणा सैल होतो, पाण्यात शरीराचा भार हलका होऊन सांधे सहज हलतात. शिवाय आणखी एक कारण आहे, ते आपण विसरतो. जो कामगार वर्षभर मागापाशी उभा असतो, जी माउली दिवसभर मांडी घालून विड्या वळते, त्यांना चार दिवस काम नसते. त्या चार दिवसांचा गुणही आपण झऱ्याच्या खाती मांडतो. आठवड्याभरात दुखणे पूर्ववत होते, कारण माग तोच आणि बैठक तीच. तेव्हा गुण खरा, पण तो तात्पुरता व त्याची कारणे अनेक, एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

दुसरा मुद्दा गंधकाचा. कुंडापाशी येणारा उग्र वास नाकात शिरला, की 'हे गंधकाचे पाणी, त्वग्रोगावर रामबाण' असे उद्गार निघतात. तो वास मुख्यतः पाण्यात अल्प प्रमाणात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो. हातातील चांदी काळवंडते, तीही त्याच वायूमुळे. रसशास्त्रात आपण गंधक वापरतो तो दुधा-तुपात शोधन करून, मात्रा ठरवून. ज्या शास्त्राने अशुद्ध गंधक वर्ज्य मानला, त्याच शास्त्राच्या नावाने वास येणारे कोणतेही पाणी औषध ठरविणे हे आपल्याच रसशास्त्रावर अन्याय करणारे आहे. ते पाणी पिऊ नये, हेही स्पष्ट सांगावे. त्यातील क्षार रक्तदाबाच्या व वृक्कविकाराच्या रुग्णास हिताचे नाहीत.

औषधालयांच्या मालक-बंधूंना याच ठिकाणी दोन शब्द. 'कुंडाचे पाणी' बाटलीत भरून किंवा तेथील माती पुडीत बांधून व्याधिहर म्हणून विकणे हा साधा फायद्याचा धंदा वाटू शकेल. परंतु रोग बरा करण्याचा दावा केला, की ती वस्तू औषध ठरते आणि १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना व दर्जा यांचा प्रश्न येतो. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने मधुमेहासारख्या अनेक रोगांवर रामबाण उपायाची जाहिरात करण्यास मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी व्यवहार पाहावा. झऱ्याच्या पाण्यातील मुख्य गुण उष्णतेचा. बाटली सोलापुरास पोहोचेपर्यंत तो निवतो आणि वायू उडून जातो. उरते ते खारट पाणी. ते आपल्या गिऱ्हाइकास विकून वर्षानुवर्षांचा विश्वास गमावण्यापेक्षा दशमुळाचे भरड, निर्गुंडी, महानारायण तेल उत्तम प्रतीचे ठेवावे. अवगाहाची खरी सामग्री तीच आहे.

आता दोन स्थळांची तुलना.

वज्रेश्वरी-गणेशपुरी-अकलोली हा परिसर भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी आहे. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचे देऊळ बांधविले, हे सर्वश्रुत आहे. गणेशपुरीस १९६१ मध्ये समाधिस्थ झालेल्या नित्यानंदांचे स्थान आहे. येथे बांधीव कुंडे एकाहून अधिक असून सर्वांचे पाणी सारखे ऊन नाही, त्यामुळे सोसेल ते निवडता येते. निवास-भोजनाची सोय आहे. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघावे, पहाटे कल्याणास उतरावे आणि पुढे थोडा रस्त्याचा प्रवास करावा. कटिशूलाच्या रुग्णास हे फार महत्त्वाचे. अतिप्रवासाने वात वाढतो. बसमध्ये हादरे खात जाऊन कुंडात वात शमविणे म्हणजे एका हाताने ओतणे व दुसऱ्याने उपसणे. तरुणांसाठी शहापूरकडे आसनगावजवळ माहुलीचा गड आहे. उणेपणा म्हणाल तर गर्दीचा. मुंबई जवळ असल्याने सुटीच्या व यात्रेच्या दिवशी कुंडात माणसाला माणूस लागतो. तेथे शास्त्रीय निरीक्षण होणे कठीण, आणि त्वग्रोगी व अन्य स्नानार्थी एकाच पाण्यात उतरतात, ही चिंता वेगळीच.

राजवाडी-तुरळ-आरवलीचे रूप वेगळे. मुंबई-गोवा महामार्गालगत, थोड्या अंतराच्या आत, एकाच टापूत तीन ठिकाणी गरम झरे आहेत आणि तिन्हींचे तापमान भिन्न. राजवाडीस सोमेश्वराच्या जुन्या देवळाशेजारी कुंड आहे. देवळातील लाकडी कोरीवकाम मुद्दाम पाहण्याजोगे. कसबा संगमेश्वरचे कर्णेश्वर जवळच. १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले, ते हेच संगमेश्वर. धाडसाची हौस असणाऱ्यांस शृंगारपूरवरून प्रचितगड आहे. ती चढण मात्र चेष्टेची नाही. सोलापूरहून मंगळवेढा, सांगली, कोल्हापूर करीत आंबा घाट उतरावा व साखरपा-देवरुखमार्गे संगमेश्वर गाठावे. प्रवास दिवसभराचा व वळणांचा. परंतु वैद्यासाठी हा रस्ताच अर्धी शाळा आहे. आपल्या कोरड्या देशातून अनूप देशात उतरताना वनस्पती कशी बदलते, हे प्रत्यक्ष दिसते. हिरडा, बिब्बा, कोकम, सप्तपर्ण, अर्जुन ही ज्यांची नावे आपण रोज चिठ्ठीवर लिहितो, ती झाडे ज्यांनी उभी पाहिली नाहीत असे तरुण वैद्य आपल्यात आहेत, हे कबूल करावयास हवे. औषधालयांच्या मालकांनाही खरा माल व भेसळ यांतील फरक झाडापाशी उभे राहिल्याने जितका कळतो, तितका गोदामात कळत नाही.

राजवाडीच्या विरोधात 'तेथे काही झाले तर दवाखाना कोठे' असा आक्षेप घेतला गेला. तो पूर्ण खरा नाही. सावर्ड्याजवळ डेरवण येथे मोठे रुग्णालय आहे. खरा आक्षेप दुसरा. तेथे पाणी अधिक ऊन आहे आणि वृद्ध, दुर्बळ रुग्णास हाताळण्याजोग्या सोयी वज्रेश्वरीच्या मानाने कमी आहेत. सावध वैद्याला त्या गैरसोयीतून शिकता येईल. असावध रुग्णाला मात्र ती महाग पडेल.

म्हणून आमचा कौल एकच नाही, तो तीन भागांत आहे. अभ्याससहल राजवाडी-तुरळ-आरवलीस न्यावी. जो रुग्ण श्रद्धेने किंवा हौसेने जाणारच आहे व तपासणीअंती योग्य ठरला आहे, त्यास वज्रेश्वरी-गणेशपुरीची वाट सांगावी, तीही गर्दीचे दिवस टाळून. आणि ज्यास खरोखर अवगाहस्वेदाची चिकित्सा द्यावयाची आहे, त्यास कोठेही न पाठविता आपल्या चिकित्सालयात टबात दशमूळ क्वाथ घालून, तापमापक लावून, घड्याळ पाहून ती द्यावी. जे नियंत्रण निसर्गाच्या कुंडावर शक्य नाही, ते येथे दोन बादल्या साध्या पाण्याने होते.

श्रद्धेच्या स्नानाला आमचा आक्षेप नाही, हे स्पष्ट करतो. तीर्थात स्नान करणारा पुण्यासाठी जातो. तेथे वैद्याचे काम नाही. पण तोच मनुष्य जेव्हा आपल्यासमोर बसून "जाऊ का?" असे विचारतो, तेव्हा तो यात्रेकरू नसतो, रुग्ण असतो. त्या क्षणी मान वर करून पुढील गोष्टी पाहणे हे आपले कर्तव्य आहे. मधुमेही असल्यास पायांची संवेदना तपासावी आणि ती उणी असल्यास स्पष्ट 'नाही' म्हणावे. हृद्रोगी, अनियंत्रित रक्तदाबाचा रुग्ण, गर्भिणी, रक्तपित्ती, ज्वरित, उघड्या जखमेचा रुग्ण व मद्यपान केलेला यांनी उतरू नये. आमवाताच्या सशोथ अवस्थेत स्नेहयुक्त अवगाह नको, तेथे वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेदच शास्त्रसंमत आहे. रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यास पाण्यातून उठताना भोवळ येते, म्हणून सोबतीस मनुष्य हवा. पाणी प्रथम सोबत्याने हाताने पाहावे, रुग्णाने पायाने नव्हे. दहा-पंधरा मिनिटांहून अधिक बसू नये. भाजलेच तर प्रथम साध्या वाहत्या थंड पाण्याखाली सुमारे वीस मिनिटे धरावे. शतधौत घृताचा विचार त्यानंतर, व तोही जखम पाहून.

डोके बुडवू नये, ही सूचना मुद्दाम वेगळी लिहितो. उष्णोदकाचा परिषेक शरीराच्या अधोभागास बल देतो, पण डोक्यावर घेतल्यास केस व नेत्र यांचे बल हरतो, असे वाग्भटाने दिनचर्येत सांगितले आहे. आज त्याला दुसरे कारण मिळाले आहे. कोमट-ऊन, साचलेल्या पाण्यात राहणारा एक सूक्ष्म अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून प्राणघातक व्याधी उत्पन्न करतो. केरळात २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य मस्तिष्कज्वराचे रुग्ण आढळले, तेव्हा हा विषय देशभर चर्चेत आला. व्याधी अत्यंत विरळ आहे, भयाचे कारण नाही. पण नाकात पाणी जाऊ न देणे इतके सोपे असताना ते न सांगणे हा आळस ठरेल.

जपानात ज्वालामुखींच्या सान्निध्यात बेप्पूसारखी उष्णोदकाची नगरेच वसली आहेत. तेथे १९४८ पासून यासाठी स्वतंत्र कायदा असून पाण्यात कोणते घटक आहेत व कोणी स्नान टाळावे, हे स्नानगृहात फलकावर लावावे लागते. आपल्याकडे असा फलक लागेल तेव्हा लागो. तोपर्यंत वैद्याने आपल्या चिठ्ठीवर चार ओळी लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

सहलीचे स्वरूपही बदलावे, अशी आमची सूचना आहे. हेमंत किंवा शिशिर ऋतूत जावे. कोकणचा पावसाळा व आपला वैशाख हे दोन्ही काळ वर्ज्य समजावेत. प्रत्येक गटाजवळ तापमापक, आम्लता पाहण्याच्या पट्ट्या व एक नोंदवही असावी. उगमाचे व प्रत्यक्ष स्नानाच्या जागेचे तापमान सकाळ-संध्याकाळ नोंदवावे. जे सभासद स्वेच्छेने उतरतील, त्यांची प्रकृती, नाडी व रक्तदाब स्नानापूर्वी व नंतर लिहून ठेवावा. गुण आला तर तो किती दिवस टिकला, हे महिन्याने पुन्हा विचारावे. ही नोंद मोठे संशोधन नव्हे. पण 'ऐकिवात आहे' यापेक्षा ती निश्चित वरची पायरी आहे. परतल्यावर ती याच त्रैमासिकात प्रसिद्ध व्हावी, अनुकूल असो वा प्रतिकूल.

आमचे ते रुग्ण आजही अधूनमधून येतात. आता त्यांचा मुलगा मागावर उभा राहतो, आणि त्याचीही कंबर दुखू लागली आहे. गेल्या खेपेस त्यानेही कुंडाचे विचारले. आम्ही त्याला आधी पादत्राणे काढावयास सांगितले, तळपाय तपासले, रक्तातील साखर पाहिली आणि मग उत्तर दिले. त्यास जेमतेम दहा मिनिटे लागली. तेवढी दहा मिनिटे प्रत्येक सभासदाने देण्याचे ठरविले, तर सहल कोणत्याही गावी गेली तरी सार्थकी लागेल. सर्वसाधारण सभेत मत देताना सभासदांनी एवढे ध्यानी घ्यावे, ही नम्र विनंती.